चार आण्यांची शिफारस

सासऱ्याला न विचारता त्याचं नाव सरकारकडे पाठवू नये, एवढं साधं शहाणपण अभिमन गुरुजींना वयाच्या पस्तिसाव्या वर्षी आलं. त्याआधीच्या सहा महिन्यांत आपण नेमकं काय करून बसलो आणि लोक आपल्याकडे असं का बघतात, यातलं काहीच त्यांना धड कळत नव्हतं.

गुरुजी धुळ्याला देवपुरात राहायचे, तिथल्याच एका शाळेत मराठी शिकवायचे. सासुरवाडी दूर, रावेर तालुक्यात, म्हणजे दुसऱ्या जिल्ह्यात. सासरे चुडामण पाटील. गाव त्यांना आबा म्हणे. आबांची केळीची बाग चांगली आहे असं गावात कोणी म्हणत नसे, आबा तर नाहीच नाही. पण परगावचा माणूस त्या बांधावरून जाताना चालायचा थांबे आणि वर बघत उभा राही, हे गुरुजींनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

आबांना एकच मुलगी, सुमनबाई. तिच्या लग्नाला दहा वर्षं झाली होती आणि या दहा वर्षांत आबांनी जावयाबद्दल एकही बरा शब्द उच्चारला नव्हता. वाईटही नव्हता उच्चारला. वाईट बोलले असते तर माणसाला भांडता तरी आलं असतं. गुरुजींची कविता एका दिवाळी अंकात छापून आली, तेव्हा त्यांनी मुद्दाम अंक नेऊन दाखवला. आबांना वाचता येत नव्हतं. त्यांनी अंक तळहातावर तोलला आणि म्हणाले, "जाड हाये." गुरुजी ते दोन शब्द पुढे कितीतरी दिवस मनात घोळवत होते. त्यात कौतुक असावं, असं त्यांना सोमवारी वाटे; मंगळवारी वाटत नसे.

अशातच त्रेपन्न सालच्या चैत्रात वर्तमानपत्रात एक निवेदन आलं. जळगावला शेतकी प्रदर्शन भरणार होतं आणि त्यात एका शेतकऱ्याला 'उत्तम बागाईतदार' म्हणून फेटा आणि मानपत्र मिळणार होतं. अटी तीन. उमेदवारानं स्वतः अर्ज करू नये. शिफारस एखाद्या त्रयस्थ, सुशिक्षित गृहस्थानं करावी. आणि निकाल लागेपर्यंत उमेदवाराला काही कळू देऊ नये.

गुरुजींनी ते निवेदन तीनदा वाचलं. तिसऱ्या वाचनाला त्यांना मंडप दिसू लागला. व्यासपीठावर फेटा बांधलेले आबा, मानपत्राचं वाचन, टाळ्या. मग आबा विचारणार, हे कोणी केलं? आणि लोक बोट दाखवणार. त्यानंतर तरी आबांना काहीतरी बोलावंच लागेल. 'जाड हाये' एवढ्यावर भागणार नाही. गुरुजींना दुसरं काही नको होतं. एक बरा शब्द हवा होता, आणि तो आबांच्या तोंडून.

शेजारी रुपचंदभाऊ राहत. कलेक्टर कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. कचेरी सुटली होती, पण कचेरीनं त्यांना सोडलं नव्हतं, बायकोनं भाजी विचारली तरी ते आधी "मागचा संदर्भ काय?" म्हणत.

"भाऊ, जावई त्रयस्थ होतो का?" गुरुजींनी विचारलं.

रुपचंदभाऊंनी चष्मा पुसला. "गुरुजी, जगात जावयाइतका त्रयस्थ माणूस नाही. तुम्ही सासरी जेवायला बसता तेव्हा कोणी तुमच्याशी मोकळेपणानं बोलतं?"

"नाही."

"मग! नात्याचा रकाना आहे, तिथे 'परिचित' लिहा. खोटं शे का? दहा वर्षांचा परिचय शे." भाऊ रंगात आले की त्यांचं 'आहे' अहिराणीतलं 'शे' होई.

गुरुजींनी अकरा पानी अर्ज लिहिला. आयुष्यात इतकं मन लावून त्यांनी काही लिहिलं नव्हतं. रुपचंदभाऊ तो तांबड्या पेन्सिलीनं तपासायला बसले. "'सातपुड्याच्या कुशीत' हे काढा. साहेब विचारेल, सर्व्हे नंबर कोणता? 'बागेत उभं राहिलं की आभाळ दिसत नाही' हे राहू द्या, यात माप आहे. 'हा माणूस झाडांशी बोलतो, माणसांशी नाही' हे..." इथे रुपचंदभाऊ थांबले, पेन्सिल कानामागे ठेवली आणि म्हणाले, "असू द्या. आता तीन प्रती काढा. आणि सातबारा जोडा."

इथून सगळं बिघडलं.

सातबारा म्हणजे जमिनीचा उतारा, तो गावच्या तलाठ्याकडे. आबांना कळू द्यायचं नाही, म्हणून गुरुजींनी तलाठ्याला पत्र लिहून 'गुप्तता राखावी' अशी विनंती केली. तलाठी शब्दाला जागला. त्यानं गावात कोणालाही सांगितलं नाही, फक्त आबांना विचारलं, "आबा, तुमचे जावई तुमचा सातबारा मागू राहिले, अन कोणाला सांगू नका म्हणता. देऊ का?"

आठ दिवसांनी देवपुरात एक कार्ड आलं. अक्षर पोस्टमास्तरचं, मजकूर आबांचा. "सातबारा कशाले पायजे? जमीन जागेवरच हाये. चुडामण."

गुरुजींनी कार्ड उलटसुलट पाहिलं. मागे फक्त पत्ता होता. सुमनबाईंनीही ते वाचलं. तिसऱ्या दिवशी ताटात भाकरी वाढताना म्हणाल्या, "अहो, आबा अजून धडधाकट आहेत."

"आहेत ना. दीर्घायुषी होवोत."

"मग जमिनीची कागदं कशाला हवीत तुम्हाला?"

गुरुजींना अट क्रमांक तीन आठवली. "सुमन, ते मला सांगता येत नाही."

नवऱ्यानं बायकोला देण्यासारखी जी काही उत्तरं असतात, त्यांत याहून वाईट उत्तर नसावं. त्या दिवसापासून घरात दोन प्रकारचं जेवण होऊ लागलं. पदार्थ तेच, पण गुरुजींच्या ताटात ते पडताना आवाज व्हायचा. सासूबाई, बेबाबाई, दर महिन्याला येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर केळीची करंडी पाठवीत. त्या महिन्यात करंडी आली नाही. पुढच्याही आली नाही. आपण एका माणसाचा सत्कार करायला निघालो आणि आपल्याच घरी आपल्यावर दरोडेखोराची नजर ठेवली जाते, याची संगती गुरुजींना लागेना.

तिकडे सातबारा 'मागाहून सादर' एवढ्या शेऱ्यावर निघालेल्या अर्जाचे स्वतःचे प्रवास चालू होते. आधी तो धुळ्याच्या कचेरीतून परत आला, कारण उमेदवार पूर्व खानदेशातला. मग जळगावहून परत आला, कारण शिफारस करणारा पश्चिम खानदेशातला. सबब त्याच्या चारित्र्याबद्दल दोन गृहस्थांचे दाखले जोडावेत. म्हणजे शिफारस करणाऱ्याचीच शिफारस. एक दाखला रुपचंदभाऊंनी दिला. दुसरा हेडमास्तरांनी दिला, त्यात लिहिलं होतं, "माझ्या माहितीप्रमाणे यांच्याविरुद्ध काही नाही." गुरुजींनी तो दोनदा वाचला. सध्याच्या दिवसांत त्यांच्याबद्दल कोणी लिहिलेलं ते सर्वांत प्रेमळ वाक्य होतं.

भाद्रपदात कचेरीचं पत्र आलं. शेतकी अधिकारी येत्या मंगळवारी बाग पाहायला जाणार. गुरुजींनी रजा टाकली.

"सासुरवाडीला जाऊन येतो म्हणतो," ते घरी म्हणाले. "सहज."

"मीही येते," सुमनबाई म्हणाल्या. "काय व्हायचं ते माझ्या बापासमोर होऊ द्या."

चाळीसगावला गाडी बदलली, भुसावळला बदलली, रावेरला उतरून बैलगाडी केली. एवढ्या वाटेत सुमनबाई दोन वाक्यं बोलल्या, आणि दोन्ही खिडकीबद्दल होती. गावाच्या तोंडाशीच आबांचे शेजारी सुपडू पाटील भेटले. त्यांनी गुरुजींच्या हातातल्या पिशवीकडे निरखून पाहिलं. "या पाव्हने. साखळी आनली का संगं? जमीन मोजाले साखळी लागते बरं."

आबा ओट्यावर बसले होते. "आले का," म्हणाले. जावई आला तर ते नेहमी एवढंच म्हणत. पण या वेळी ते आलेल्या माणसाला म्हटल्यासारखं वाटलं नाही, आलेल्या पुराला म्हटल्यासारखं वाटलं.

आता इथे गावाची एक रीत सांगितली पाहिजे, कारण गुरुजी ती विसरले होते आणि सगळा घोटाळा तिथेच झाला. सरकारचा माणूस पीक पाहायला आला की तो आणेवारीसाठीच आला, असं त्या गावात धरून चालत. आणेवारी म्हणजे सोळा आणे पीक कोणतं आणि यंदाचं त्यातलं किती आणे, याचा अंदाज. अंदाज चार आणे किंवा त्याखाली आला तर त्या वर्षीचा शेतसारा थांबतो. त्यामुळे तीन पिढ्यांत त्या गावातल्या कोणीही सरकारी माणसाला चार आण्यांच्या वर पीक सांगितलेलं नव्हतं. त्यातून ज्येष्ठातल्या वादळानं वरच्या शिवारातल्या बागा खरोखरच झोपवल्या होत्या आणि गावानं आणेवारीसाठी अर्ज केलेला होता. आबांची बाग तेवढी खालच्या अंगाला, शेवरीच्या दाट कुंपणाआड, वाचलेली.

मंगळवारी सकाळी जीप वेशीतून आत आली आणि गावाचा चेहरा पडला. जीप दिसण्याआधी सुपडू पाटील विडी ओढत हसत होते. आवाज ऐकला तशी विडी विझवली, टोपी मागे सरकवली, खांदे पाडले. बघता बघता वीस-पंचवीस माणसं जमली, सगळी दहा दिवस जेवली नसल्यासारखी.

शेतकी अधिकारी तरुण होते, पुण्याकडचे. "चुडामण पाटील कोण?"

"मीच तो," आबा म्हणाले.

"तुमची बाग पाहायची आहे."

"काय पाह्यता साहेब. बाग कुठं रायली."

आणि सगळ्या जमावानं साहेबांना वळवून नेलं ते थेट वरच्या शिवारात, सुपडू पाटलांच्या पडलेल्या बागेत. गुरुजी मागून धावत होते. त्यांना वाटलं, आधी वाईट दाखवून मग चांगलं दाखवण्याचा हा काही डाव असावा. आबांचा हा नाट्यगुण आपल्याला ठाऊक नव्हता, असंही त्यांच्या मनात आलं.

साहेबांनी फाईल उघडली आणि मोठ्यानं वाचलं, "'या बागेत उभं राहिलं की आभाळ दिसत नाही.'" मग त्यांनी वर पाहिलं. चहूबाजूंनी आभाळच आभाळ होतं. खाली केळीचे खांब आडवे पडून कुजत होते.

"पाटील, एकरी खांब किती?"

"जे पडेल हायेत ते मोजून घ्या."

"खत काय घालता?"

"खत कशाचं साहेब? जे येते ते येते."

"म्हणजे तुमची काही विशेष पद्धत..."

"मले काहीच समजत नई साहेब शेतीतलं," आबा म्हणाले. चाळीस वर्षं केळी लावलेला माणूस हे इतक्या खऱ्या आवाजात बोलला, की क्षणभर गुरुजींनाही ते खरं वाटलं. सुपडू पाटील मान हलवून म्हणाले, "खरं हाये. यांच्याइतकी वाईट शेती गावात कोनाचीच नई." आपलीच बाग पायाखाली असल्यामुळे त्यांना हे म्हणताना अधिकच जोर चढला.

गुरुजींना राहवेना. "साहेब, ही यांची बाग नाहीच! ती बघा, तिकडे, शेवरीच्या पलीकडे. तिथे चला. एकेक घड माणसाच्या कमरेएवढा आहे!"

पंचवीस माणसांनी गुरुजींकडे पाहिलं. फितुरांकडे कसं पाहतात ते गुरुजी इतिहासात शिकले होते, आता अनुभवलं. आबांनीही पाहिलं. आधी गुरुजींकडे, मग साहेबांच्या फाईलकडे, मग परत गुरुजींकडे. मग सावकाश म्हणाले, "ते बी बसेलच हाये. वरून हिरवं दिसते."

"आपण कोण?" साहेबांनी गुरुजींना विचारलं.

गुरुजींच्या आधी सुपडू पाटील बोलले. "जावई हायेत यांचे. सातबारा मांगू रायले व्हते."

साहेबांनी अर्ज चाळला. सही पाहिली. नात्याचा रकाना पाहिला. "परिचित?"

"दहा वर्षांचा परिचय आहे," गुरुजी म्हणाले.

उमेदवार म्हणतो मला काही येत नाही. गाव म्हणतं खरं आहे. एकटा जावई म्हणतो याच्यासारखा दुसरा नाही, आणि तो जावई असल्याचं लपवतो. साहेबांनी नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत असं काही पाहिलं नसावं. त्यांनी टोपी काढून घाम पुसला, आबांच्या ओट्यावर चहा घेतला आणि जाताना अर्जाची तिसरी प्रत तिथे ठेवून गेले, कारण त्या प्रतीवर कचेरीनं 'उमेदवाराच्या माहितीसाठी' असा शिक्का मारलेला होता.

गुरुजी मागल्या दारी विहिरीच्या काठावर जाऊन बसले. तिथून घरातलं ऐकू येत होतं.

"सुमे, काय कागद हाये तो? वाच बरं," आबा म्हणाले.

सुमनबाई वाचू लागल्या. पहिलं पान जाबजबानी वाचल्यासारखं वाचलं. दुसऱ्यापासून आवाज बदलला. वाऱ्याच्या दिवसांत आबा बागेत जाऊन एकेका झाडाला हात लावून कसे येतात. केळीचा कंद निवडताना तो कसा कानाजवळ नेतात. हा माणूस झाडांशी बोलतो, माणसांशी नाही. अकरा पानं झाली.

"लांब लिव्हलं," आबा म्हणाले.

थोड्या वेळानं सुमनबाई विहिरीवर आल्या. डोळे लाल होते. "चुलीचा धूर," त्या म्हणाल्या, आणि गुरुजींच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. दुपारी ताटात वांग्याचं भरीत पडलं, ते आवाज न करता. पण आबा एक शब्द बोलले नाहीत. गुरुजी जसे आले तसे धुळ्याला गेले.

महिन्याभरानं निकाल आला. मान दुसऱ्या कोणाला मिळाला होता. सोबत शेरा होता: "उमेदवाराच्या स्वतःच्या कथनानुसार त्यास शेतीचे ज्ञान नाही. शिफारस करणारा हा त्रयस्थ नसून जावई आहे. पिकाची स्थिती चार आणे दिसली. अहवाल मामलेदारांकडे पाठवला आहे." आणि त्या अहवालावरून, अर्ज देऊन चार महिने झाले तरी जी आणेवारी हलत नव्हती, ती हलली. सबंध गावाला चार आणे लागले.

मग देवपुरात कार्डं येऊ लागली. पहिलं सुपडू पाटलांचं. "मास्तर, पुढल्या साली आमालेबी उत्तम शेतकरी करा. सातबारा संगं धाडतो." आठ दिवसांत नऊ सातबारे न मागता आले. ज्या कागदासाठी गुरुजी दरोडेखोर ठरले होते, तो आता लोक पोस्टानं घरी टाकत होते. गावात त्यांचं नाव झालं होतं; मात्र ज्यासाठी हे केलं, त्याच्याकडून काही आलं नव्हतं. करंडी तेवढी आली. करंडीचा अर्थ काय घ्यायचा, हे त्यांना उमगेना. त्यांनी रुपचंदभाऊंना विचारलं. ते म्हणाले, "लेखी नाही ना काही? मग पुरावा धरता येणार नाही."

दिवाळीनंतर आबांची बाग कापणीला आली. सुमनबाई माहेरी होत्या, त्यांना आणायला गुरुजी गेले. परतायच्या दिवशी आबा रावेर स्टेशनावरच होते. त्यांची केळी वॅगनमध्ये भरत होते. घड एकावर एक रचून झाले, दार ओढलं गेलं, सील लागलं. आबांनी जवळ जाऊन ते सील अंगठ्यानं दाबून पाहिलं. मग उपरण्यानं तोंड पुसलं आणि कोणी न विचारता म्हणाले, "यंदासारखी बाग मी जल्मात नई पाह्यली."

गुरुजी चकित झाले. "आबा! मग त्या दिवशी साहेबांना तसं का सांगितलंत? तो आणेवारीला आला नव्हता."

"समजलं व्हतं मले. तुमी बोलले तवाच समजलं."

"मग?"

"बाग उभी व्हती ना तवा," आबा म्हणाले, लहान मुलाला सांगावं तसं. "घड झाडावर हाये, वारा सुटाचा हाये, अन आपल्याच तोंडानं चांगलं म्हनाचं? फेट्यासाठी? वॅगनले सील लागलं का मंग म्हनाव. मंग कोनाची नजर लागत नई."

"आणि माणसांचं?" गुरुजींनी विचारलं. का विचारलं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

आबा वॅगनकडे बघत राहिले. "मानसाचं बी तसंच. डोयासमोर हिंडतेफिरते तवर काही म्हनू नई."

सुमनबाईंनी बापाकडे पाहिलं, आणि करंडीचं तोंड बांधलेलं होतं ते सोडून पुन्हा बांधलं.

तेवढ्यात केळीचा व्यापारी पावती घेऊन आला. "आबा, हे पाहुणे कोण?"

"जावई. धुयाचे मास्तर."

"असं का? कसे काय आहेत जावई?"

आबांनी गुरुजींना टोपीपासून वहाणांपर्यंत एकदा पाहून घेतलं. मग चेहरा पाडला, खांदे पाडले आणि हात झटकून म्हणाले, "काई नई हो. चार आने."

गाडी हलली. सुमनबाईंनी दोनदा विचारलं, काय झालं? त्यांनी दोनदा नुसती मान हलवली.

देवपुरात पोचले तर रुपचंदभाऊ दारातच. "काय गुरुजी? सासरे काही बोलले का शेवटी?"

गुरुजींनी टोपी काढली, ती छातीशी धरली. "बोलले. चार लोकांसमोर बोलले. चार आणे म्हणाले."

"अरेरे!" रुपचंदभाऊंचा चेहरा कळवळला. त्यांनी कानामागची पेन्सिल काढली. "बठ्ठा अन्याय शे हा! मुदत गेलेली नाही गुरुजी. आपण अपील करू. तीन प्रतींत."

"नको भाऊ," गुरुजी म्हणाले. "निकाल कायम राहू द्या."